मी डक

गेल्या बुधवारी दुपारी नॉटिंगहॅमच्या एका थिएटरात मला गप्प बसायला सांगण्यात आलं. वयाच्या ५२ व्या वर्षी. सबंध सिनेमात मी दोन शब्द बोललो होतो, तेही शेवटच्या मिनिटाला.

सिनेमा 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग', १९६० चा. सायकल कारखान्यातला आर्थर आठवडाभर लेथवर राबतो, शनिवारी ढोसतो, सहकाऱ्याच्या बायकोला भेटतो आणि कुणाचंच ऐकत नाही. कारखान्याचं शूटिंग आमच्याच गावच्या रॅलेमधलं. कारखाना २००२ मध्ये बंद पडला, त्याच्या जागेच्या काही भागावर विद्यापीठाचा कॅम्पस आहे. जिथे लेथ फिरत होते तिथे मी एक्सेलचे रकाने भरतो.

पण मी गेलो होतो वडिलांसाठी. सांगलीला त्यांची रॅले सायकल होती. असनसोलची सेन-रॅले नव्हे, खुद्द नॉटिंगहॅमची. हा फरक पाहुण्याला चहाच्या आधी सांगितला जाई. पुढच्या बिल्ल्यावरच्या बगळ्याला दसऱ्याला हळदकुंकू, आणि आम्हा भावंडांना घंटी वाजवायचीसुद्धा बंदी. "ही घडवणारी माणसं काय देवमाणसं असतील रे," असं वडील म्हणत. तर पडद्यावर पहिल्याच दृश्यात तो देवमाणूस नऊशे चोपन्न, नऊशे पंचावन्न असे नग मोजत शिव्या हासडत होता. रोज हजार नग, आठवड्याचे चौदा पौंड तीन शिलिंग दोन पेन्स. मला एकदम भरून आलं. आमच्या सायकलचा एखादा नग असाच शिवी खाऊन सांगलीला आला असणार.

भरून यायला निवांतपणा लागतो, तो मिळाला नाही. शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा येऊन बसले. "अय अप, मी डक."

'अय अप' म्हणजे नमस्कार, पुढचं इथलं लाडाचं संबोधन. 'मी' म्हणजे 'माझ्या', 'डक' म्हणजे बदक. पण मराठी कानाला ते वाक्य पूर्ण वाटतं. पहिले सहा महिने मी समजत होतो की या गावात माणसं भेटल्याभेटल्या स्वतः बदक असल्याचं कबूल करतात.

कारखाना सुटला, सायकलींचा लोंढा बाहेर पडला आणि आजोबांनी माझं मनगट धरलं. "तो बघ! डावीकडून तिसरा, टोपीवाला! माझा मामा!"

डावीकडून तिसरा शोधेपर्यंत चित्र बदललं. मी सभ्यपणे मान हलवली. ही चूक झाली. पबमध्ये आर्थर एका खलाशाशी पिण्याची शर्यत लावून जिन्यावरून गडगडत खाली आला, तर मामा पबच्या कोपऱ्यात. जत्रेत दोन सैनिक आर्थरच्या मागे लागले, तर मामा पाळण्याजवळ. दत्तगुरूंनी तीन तोंडं एका देहात भागवली, या मामाला प्रत्येक तोंडासाठी वेगळा प्रसंग लागत होता. मधल्या वेळात कागदी पिशवीतून पेपरमिंटच्या गोळ्या निघत होत्या. एकेका गोळीचा कागद अर्धा मिनिट कुरकुरायचा.

वर भाष्य. "हा आर्थर झालेला अल्बर्ट फिनी बोलतो ते नॉटिंगहॅमचं नव्हेच. सॅल्फर्डचा पोरगा तो!" हे त्यांनी चार वेळा सांगितलं. मला सॅल्फर्डचंही कळत नव्हतं आणि नॉटिंगहॅमचंही, पडद्यावर अक्षरं नव्हती, आणि जे कळलं असतं ते मामाखाली बुडत होतं. आर्थर गल्लीतल्या चहाडखोर मिसेस बुलच्या पार्श्वभागावर छऱ्याची बंदूक चालवतो तेव्हा अख्खं थिएटर हसलं. मी हसलो नाही. मी अंतर मोजत होतो.

शेवटी टेकाडावर आर्थर आणि त्याची प्रेयसी डोरीन बसतात. खाली नव्या घरांची वसाहत. लग्न ठरल्यातच जमा. आर्थर उठून त्या घरांच्या दिशेने दगड भिरकावतो. ती म्हणते, असं काही फेकू नये. तो उत्तर देतो. सगळा सिनेमा त्या एका उत्तरासाठी, आणि नेमक्या त्याच क्षणी गोळीचा कागद.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

माझ्या तोंडावर टॉर्च पडला. "सर, इतरांना त्रास होतोय."

विलायतेत कुणी 'सर' म्हणालं की पाठ ताठ करावी, पुढे अपमान असतो. दीड तास मामा दाखवणाऱ्याला टॉर्च नाही आणि मला टॉर्च! नऊ वर्षं राहतोय इथे, कर भरतोय, बसड्रायव्हरला न विसरता थँक्यू म्हणतोय. दोन ओळींमधून आवाज आला की तो कुणाचा असणार, हे त्या मुलाला अंधारात कसं दिसलं, मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. मी तक्रार केली नाही. केली असती तर म्हणाले असते, बघा, बोलतोच हा.

आर्थरचं उत्तर मी रात्री घरी अक्षरं लावून वाचलं. हा काही मी मारलेला शेवटचा दगड नव्हे, अशा अर्थाचं होतं. थिएटरात ऐकलं असतं तर बरं झालं असतं, हाताशी भिरकावायला काहीतरी होतं. निदान गोळी.

दारात तोच टॉर्चवाला आजोबांना म्हणाला, "टा-रा, डक." मला, "गुड इव्हनिंग, सर." बाहेर आजोबांनी पुन्हा मनगट धरलं. "पुढच्या वेळी जरा हळू बोल हं, बदका. मलाच लाजल्यासारखं झालं."

राग गिळून मी विचारलं, "तुमचे मामा रॅलेत कुठल्या खात्यात होते?" म्हटलं, लेथवर असतील तर वडिलांच्या सायकलीचा धागा तरी जुळेल.

"रॅलेत? छे! मामा जन्मभर प्लेअर्सच्या सिगारेट कारखान्यात."

"मग तो टोपीवाला?"

आजोबांनी पिशवी चाचपली, उरलेली एक गोळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "टोपी त्याचीच होती."