व्हीपीएन, निळी स्क्रीन आणि ग्रुपवरचे सात उपाय

१९ तारखेच्या रात्री साडेदहाला ताईचा फोन. ती नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला राहते आणि पुण्यातल्या एका छोट्या फर्मचं अकाउंट्सचं काम घरून करते, व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित वाटेने, ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरून. दुसऱ्या दिवशी २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी, जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा दिवस. "अरे, ऑफिसचं व्हीपीएन कनेक्ट केलं की निळी स्क्रीन येते आणि लॅपटॉप रिस्टार्ट होतो. सोसायटीच्या ग्रुपवर उपाय आलेत, त्यातले तीन करून झाले. चौथ्यासाठी समोरच्या काकूंचा मुलगा राउटरचं पान उघडून बसलाय. ३३८९ टाकू का म्हणतोय."

"ताई, त्याला सांग, हात लावू नकोस," एवढं बोलून मी गाडीची चावी शोधायला लागलो.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. 'घरून कंपनीचं नेटवर्क जोडताना कॉम्प्युटर क्रॅश होतो? मायक्रोसॉफ्ट हे कधीच सांगणार नाही!' आणि खाली सात उपाय. अँटिव्हायरस आणि फायरवॉल बंद करा, विंडोज अपडेट कायमचं बंद करा, रॅम काढून खोडरबराने पुसा, राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून दुसरा कॉम्प्युटर वापरायच्या सोयीचा दरवाजा) उघडा म्हणजे व्हीपीएनची गरजच नाही, नाहीतर फुकटचं व्हीपीएन टाका, रजिस्ट्री क्लीनर चालवा, आणि तरीही नाही जमलं तर फॉरमॅट मारा. सातांपैकी एकही उपाय असं म्हणत नाही की आधी त्या निळ्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा.

आधी चौथा घेतो, कारण चीड त्याचीच जास्त आली. ताईला घरून ऑफिसात शिरायचंय. त्यासाठी घरच्या राउटरवर पोर्ट उघडून उपयोग काय? घरातून बाहेर जाणाऱ्या रिमोट डेस्कटॉपला असलं काही लागतच नाही. घरच्या राउटरवर ३३८९ उघडलं की बाहेरच्यांना घरात यायला वाट होते, आपल्याला ऑफिसात जायला नाही. शेजाऱ्याकडे जायचं म्हणून आपल्याच दाराची कडी काढून ठेवण्यातला प्रकार. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती कनेक्शनना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, म्हणून असे उद्योग करणारे बरेचदा वाचतात. अक्कल होती म्हणून नव्हे.

बरं, उद्या कुणी ऑफिसच्या राउटरवर तेच केलं तर? १४ मे २०१९ ला मायक्रोसॉफ्टने रिमोट डेस्कटॉपमधल्या एका भोकाची दुरुस्ती काढली. ब्लूकीप म्हणतात त्याला. युजरनेम नको, पासवर्ड नको, ३३८९ बाहेरून दिसत असेल तर थेट आत. प्रकरण इतकं गंभीर होतं की विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलेला असूनही मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली, आणि हे २०१७ च्या वॉनाक्राय व्हायरससारखं एका मशिनवरून दुसऱ्यावर पसरू शकतं असं स्वतःच्या सूचनेत लिहिलं. हो, विंडोज १० आणि ११ ला ब्लूकीप लागू नव्हतं, हे कुणी सांगायच्या आधी मीच सांगतो. पण ३३८९ उघडं कुठे आहे ते शोधत फिरणारे आणि पासवर्डवर पासवर्ड मारून बघणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात, त्यांना विंडोज कुठलं याचं काही नसतं. त्यात उपाय एकप्रमाणे फायरवॉल बंद आणि उपाय दोनप्रमाणे अपडेट बंद. ज्याने ही यादी केली तो अडाणी तरी असावा नाहीतर भलताच हुशार.

अपडेटबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागतं, मन मारून. अपडेटने व्हीपीएन बिघडल्याची उदाहरणं खरी आहेत. ११ जानेवारी २०२२ च्या अपडेटनंतर एलटूटीपी प्रकारची व्हीपीएन जोडलीच जात नव्हती. मायक्रोसॉफ्टला १७ तारखेला घाईघाईने वेगळी दुरुस्ती सोडावी लागली. एप्रिल २०२४ मध्ये परत तसंच, तेव्हा दुरुस्ती मे महिन्यात आली. हे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा सुटतात. गोदाघाटावर बुधवारचा बाजार लागेपर्यंत इकडे ऑफिसातल्या मशिनी रिस्टार्ट मागायला लागलेल्या असतात, आणि माझा फोनही वाजायला लागलेला असतो. पण त्या दोन्ही वेळी व्हीपीएन जोडलं जात नव्हतं, निळी स्क्रीन येत नव्हती. आणि त्यावरचा उपाय म्हणजे तेवढं एक अपडेट काढणं किंवा काही दिवस थांबवणं. कायमचं बंद ठेवलं की काय होतं ते वॉनाक्रायने दाखवलंय. दुरुस्ती १४ मार्च २०१७ ची, हल्ला १२ मेचा. दोन महिने ज्यांनी अपडेट केलं नाही ते सापडले.

आता पहिला उपाय. यात अर्धं सत्य आहे आणि तेच घात करतं. व्हीपीएन जोडताना कॉम्प्युटर कोसळला तर अँटिव्हायरसवर संशय घ्यावाच. व्हीपीएन आपलं एक आभासी नेटवर्क कार्ड विंडोजमध्ये बसवतं. अँटिव्हायरस नेटवर्कची ये-जा तपासायला आपला फिल्टर ड्रायव्हर, म्हणजे गाळणीसारखा एक छोटा प्रोग्राम, बसवतो. दोघंही विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये काम करतात. तिथे एकाने चूक केली की तो एकटा बंद पडत नाही, पूर्ण मशिन पडतं. १९ जुलै २०२४ आठवा, आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले होते. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल, आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख मशिनी आडव्या.

पण घड्याळाशेजारच्या आयकॉनवर जाऊन 'बंद करा' म्हटल्याने तो ड्रायव्हर सहसा निघून जात नाही. तपासणी थांबते, ड्रायव्हर जागच्या जागी. म्हणजे संरक्षण गेलं आणि क्रॅश राहिला. ताईच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. तिने अँटिव्हायरस बंद केला, व्हीपीएन लावलं, परत निळी स्क्रीन.

खोडरबराबद्दल काय बोलावं? जुन्या डेस्कटॉपवर रॅमचे पाय पुसून मशिन चालू झालेली मी स्वतः पाहिली आहेत. पण रॅम सैल असेल तर लॅपटॉप एक्सेल उघडतानाही पडेल, यूट्यूब बघतानाही पडेल, व्हीपीएनच्या बटणाची वाट बघत बसणार नाही. मी पोहोचलो तेव्हा लॅपटॉपच्या पाठीचा एक स्क्रू गायब होता आणि भाच्याचं खोडरबर टेबलावर.

फुकटचं व्हीपीएन ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेतच नाही, ते भलतीकडे नेतं. रजिस्ट्री क्लीनरने ड्रायव्हर सुधारत नाही. फॉरमॅटने कधी कधी सुधारतं, आणि सोबत टॅलीचा डेटाही जातो.

ताईकडे मी काय केलं, तर आधी ३३८९ चा नियम काढला. (तो सेव्ह झालेला होता. "दादा, नुसतं टाकून बघितलं," असं काकूंच्या मुलाचं उत्तर.) फायरवॉल चालू केली. मग विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनिडम्प नावाचं फोल्डर असतं, ते उघडलं. प्रत्येक क्रॅशची एक छोटी फाइल तिथे पडते. ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाच्या फुकट टूलने त्या वाचल्या. पाच क्रॅश, पाचही वेळा एकाच ड्रायव्हरचं नाव. लॅपटॉपसोबत आलेला ट्रायल अँटिव्हायरस, मुदत संपून वर्ष झालेलं. सेटिंग्जमधून काढला तरी ड्रायव्हर मागे राहिलाच, म्हणून त्या कंपनीचंच काढून टाकायचं टूल घेऊन सेफ मोडमध्ये साफ केला. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू केला. बारा वाजून दहा मिनिटांनी व्हीपीएन लागलं आणि लागलेलं राहिलं.

सगळ्यांच्या लॅपटॉपमध्ये हेच निघेल असं नाही. वायफायचा ड्रायव्हरही गुन्हेगार असू शकतो. तपासायचं असेल तर वायफाय बंद करून मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि त्यावरून तेच व्हीपीएन लावून बघा. तसं नीट चाललं तर संशय वायफायवर, मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून त्याचा ड्रायव्हर घ्या. जुन्या नोकरीचं व्हीपीएन अजून पडून असेल तर तेही काढा. आणि लॅपटॉप ऑफिसने दिलेला असेल तर यातलं काहीच स्वतः करू नका, तिथल्या आयटीवाल्याला उठवा, त्याला त्याचाच पगार मिळतो.

ग्रुपवरच्या काका-काकूंना एकच विनंती. निळी स्क्रीन आली की ती रिस्टार्ट व्हायच्या आत मोबाइलने फोटो काढा, खाली 'स्टॉप कोड' लिहिलेलं असतं तो भाग नीट येऊ द्या, आणि तो फोटो मला पाठवा. ते सात उपाय नकोत, ते माझ्याकडे चार ग्रुपवरून आलेत.