मामा, त्याला नको!

टर्न-बेस्ड, म्हणजे आपण आणि शत्रू आळीपाळीने चाल करतो असा गेम खेळणारा माणूस म्हणजे एकदम शांत डोक्याचा असणार असं लोकांना वाटतं, कारण घाई काहीच नसते, आपलं ठरेपर्यंत शत्रू बिचारा ताटकळत उभा. खरंय ते. पण टर्न संपवायचं बटण दाबल्यानंतर शत्रूची पाळी चालू असते ना, तेव्हा बीपी कुठे जातं ते विचारू नका. आपण नुसते बघे आणि आपली माणसं मनाला येईल तसं वागणार.

माझा छळ चालू आहे एक्सकॉम: एनिमी अननोनमध्ये, तो २०१२ वाला, सैनिकांची तुकडी घेऊन एलियनशी लढायचं. त्यात सैनिकांची नावं बदलता येतात म्हणून मी सगळे नातेवाईक भरती करून टाकलेत. मामा असॉल्ट, काका सपोर्ट, आत्या स्नायपर. चालून झालं की प्रत्येकाला ओव्हरवॉच देता येतं, म्हणजे थांब इथेच आणि शत्रूच्या पाळीत कोणी नजरेसमोर हलला की झाड गोळी. ऐकायला झकास आहे, पण या गोळीचा नेम नेहमीपेक्षा तीसेक टक्क्यांनी कच्चा, आणि आत्या दोन पावलं जरी सरकली असेल (आणि ते स्नॅप शॉटचं स्किल तिला दिलं नसेल) तर ती एवढी मोठी रायफल बाजूला ठेवून पिस्तूल काढून बसते.

ते पण चालवून घेऊ. खरं दुखणं हे की कोणावर झाडायची ते सांगायची सोयच नाही. जो पहिला हलला तो गेला.

आता गेमच म्हणतो की एक एलियन जिवंत पकडून आणा, त्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. त्यासाठी आर्क थ्रोअर असतो, म्हणजे शॉक देऊन बेशुद्ध करायचं हत्यार, तो वापरायला पार जवळ जावं लागतं आणि एलियनचा जीव जितका कमी तितका चान्स जास्त. तर एका सेक्टॉइडला (एलियनचाच एक प्रकार) टोचून टोचून एका हेल्थवर आणला, काकांना धावत त्याच्याजवळ पोचवलं, धावल्यामुळे त्यांची पाळी तिथेच संपली, म्हणजे शॉक पुढच्या टर्नला. मागे अजून दोन सेक्टॉइड ठणठणीत. ओव्हरवॉच नाही दिलं तर ते दोघं काकांना भाजून काढणार, म्हणून मामाला दिलं. हा तोच मामा ज्याने त्याच मिशनमध्ये समोरासमोर शॉटगनने ऐंशी टक्क्यांचे नेम घालवले होते. टर्न संपवली. पहिला हलला कोण? आमचा अर्धमेला. कॅमेरा मामाच्या खांद्यामागे गेला, मी लॅपटॉपवर ओरडलो, "अरे मामा, त्याला नको!" आणि मामाने आयुष्यातला पहिला अचूक नेम मारला. मग मागचे दोघं निवांत पुढे आले, काका गेले, आणि ते बघून मामाच पॅनिक, म्हणजे घाबरून आमच्या हुकमाबाहेर! नंतर खऱ्या मामाचा फोन आला तेव्हा मी जरा तुटकच बोललो.

दुसरा पर्याय हंकर डाउन, पण त्यात माणूस आडोशाला डोकं खाली घालतो आणि गोळी झाडतच नाही. म्हणजे आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखं, एकतर घरच्या माणसालाही वहीत सही करायला लावणार नाहीतर सरळ घोरणार.

सिव्हिलायझेशन ६ मध्ये अलर्ट नावाची ऑर्डर आहे, शत्रू दिसला की झोपलेलं युनिट उठतं आणि काय करू म्हणून विचारतं. निदान विचारतं तरी!

शेवटी कंटाळून १९९४ चा मूळ गेम टाकला, यूएफओ: एनिमी अननोन. त्यात प्रत्येकाला टाइम युनिट्स असतात, चालणं असो की गोळी, प्रत्येक कामाला ते खर्च होतात, आणि गोळीपुरते राखून ठेवायची वेगळी बटणं आहेत, स्नॅप (झटपट), एम्ड (नेम धरून), ऑटो (एकामागून एक) अशी. समोरच्यावर आधी कोण झाडणार ते ठरतं रिअॅक्शन्स, म्हणजे चपळाईचा आकडा, गुणिले उरलेल्या टाइम युनिट्सचा हिस्सा यावर. म्हणजे साठ रिअॅक्शन्सचा चपळ गडी निम्मे युनिट्स चालण्यात घालवून आला की तीसवर येतो, आणि चाळीसचा ढिम्म माणूस जागेवरून हललाच नाही तर पूर्ण चाळीस. जो काहीच काम करत नाही तो सगळ्यात डेंजरस, हे आमच्या मामाला जन्मजात जमतं!

त्यामुळे तिथे मामाला विमानाच्या दारात नुसतं उभं केलंय. एलियन पकडायचं खातं आत्याकडे, हातात फक्त स्टन रॉड, म्हणजे बेशुद्ध करायची काठी, बंदूक नाही, पिस्तूल नाही, ग्रेनेडसुद्धा खिशातून काढून घेतलाय.