विडी कामगारांसाठी दवाखाना संध्याकाळी उघडा हवा

सोलापुरात दवाखान्यांची वाण नाही. 1963 साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले सिव्हिल आहे, लहानमोठी खासगी रुग्णालये आहेत, आणि म्हणूनच धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडचे रुग्णही उपचारासाठी इथे येतात. तरीही आपल्याच पूर्व भागातल्या एखाद्या विडी कामगार बाईला मधुमेह असल्याचे कळते, ते पायाची जखम महिनाभर भरून येत नाही तेव्हा. सिव्हिल तिच्या घरापासून लांब नाही. तिला घरी थांबवते ती मजुरीची पद्धत.

विडीची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पाने भिजवायची, कात्रीने मापात कापायची, मग तंबाखूचे सूप मांडीवर घेऊन वाकून दिवसभर वळत बसायचे आणि कारखान्यात माल दिल्यावर जेवढी छाट, म्हणजे नापास विड्या, निघेल तेवढे पैसे सोडून द्यायचे. या कामात रजा नावाची गोष्टच नाही. ओपीडी मात्र सकाळची. केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, रक्त तपासणीची रांग, औषधाची रांग, आणि रिपोर्टसाठी पुन्हा दुसऱ्या दिवशी या. दोन दिवसांची मजुरी गेली की मोफत उपचार मोफत राहत नाही. आमच्या शेजारच्या अक्का रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेतात. गोळी रोज घ्यायची असते हे त्यांना पक्के ठाऊक आहे, पण एकदा मिळालेल्या गोळ्या जितके दिवस पुरतील तितके दिवस पुन्हा रांगेत उभे राहावे लागत नाही. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यांच्या जागी आपणही नेमका हाच हिशेब केला असता.

शासनाने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या 8 जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि तिचे संरक्षण दीड लाखावरून 5 लाखांपर्यंत वाढले आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दागिने मोडण्याची वेळ तिच्यामुळे अनेक घरांवरची टळली. पण ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. रोजच्या गोळीची जबाबदारी ती घेत नाही. ती गोळी वर्षानुवर्षे चुकून मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिसचा खर्च मात्र उचलते. विषमता माणूस खाटेवर येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते, आणि नेमका तोच काळ कोणाच्याच खात्यात मोडत नाही.

विडी कामगारांसाठी 1976 साली कल्याण निधीचा कायदा झाला, विड्यांवरच्या उपकरातून त्यांचे दवाखाने चालत. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. हक्काचा स्वतंत्र पैसा गेला, उरली ती अर्थसंकल्पातली तरतूद. यंत्रमागाकडे पाहिले तर कामगारांच्या उपचारांसाठीची राज्य कामगार विमा योजना (ईएसआय) साधारण 10 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला लागू होते, त्यामुळे चार-सहा मागांच्या शेडमध्ये कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात राबणारा माणूस तिच्या बाहेरच राहतो.

धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. निर्धनतेची मर्यादा वार्षिक 1,80,000 रुपये उत्पन्नाची आहे, म्हणजे आपल्या गल्लीतली बहुतेक घरे तिच्यात बसतात. आमच्या नात्यातल्या एका रुग्णासोबत मी अशाच एका रुग्णालयात गेलो, तेव्हा काउंटरवर अनामत रक्कम विचारली गेली. या खाटांचा विषय मी काढेपर्यंत कोणीही काढला नाही. ज्याला लिहिता-वाचता येते त्याला हक्क मिळतो आणि ज्याच्यासाठी तो हक्क आहे त्याला पत्ता नसतो, हे मला सहन होत नाही. त्यातून भाषेचे वेगळेच. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईला पथ्य मराठीत सांगितले जाते, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत मिळते, आणि घरी गेल्यावर ते शाळकरी नातवाने वाचून दाखवायचे असते.

1 मे 2023 पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ची वेळ दुपारी 2 ते रात्री 10 अशी ठरवली गेली, तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते, कारण कष्टकऱ्याचा दिवस कसा जातो याचा विचार त्या वेळेत दिसत होता. माझी मागणी त्याच्याच पुढची आहे. पूर्व भागातल्या प्रत्येक वस्तीत संध्याकाळी डॉक्टर आणि औषधसाठा दोन्ही हजर असलेला दवाखाना हवा, तिथे तेलुगू आणि कन्नड बोलणारी परिचारिका हवी. बाया माल द्यायला कारखान्यात जातातच, तर महिन्यातून एक दिवस तिथेच रक्तदाब आणि साखर तपासून पूर्ण महिन्याच्या गोळ्या त्यांच्या हातात द्याव्यात. महापालिकेला यासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही. येत्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपल्या प्रभागातल्या दवाखान्याची वेळ आणि तिथला औषधसाठा विचारा, आणि त्याचे उत्तर इथे खाली लिहा.