विट्याच्या ताई, दह्याबद्दल तुमचं बरोबर आहे

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. रात्री पुन्हा वाचली आणि बरीचशी पटली. माती-गोठ्यात वाढलेल्या मुलांना, तिथल्या आणि आतड्यातल्या जिवाणूंमुळे, अ‍ॅलर्जी कमी होते, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की शहरात बसून मातीचे गोडवे गाणं सोपं आहे. तुमचा मुलगा गोठ्यात खेळूनच वाढला, तरी त्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. आणि माझा लेख वाचून सासूबाईंनी त्याला वाटीभर दही चारलं, तर अंगभर गांधी उठल्या.

आधी दह्याचं, कारण तिथं चूक माझी आहे. ‘दूध सोसत नसेल तर दही द्या’ हे वाक्य मी अ‍ॅलर्जीच्या लेखात घालायलाच नको होतं. काहींना दुधातली लॅक्टोज ही साखर पचत नाही. विरजणातले जिवाणू तिचा काही भाग खाऊन टाकतात, म्हणून त्यांना दही चालून जातं. अ‍ॅलर्जी असते ती प्रथिनांची, आणि केसिन हे दुधातलं मुख्य प्रथिन काही विरजणाने जात नाही. सुरीने कापावं असं दही आपण कौतुकाने दाखवतो ना, ते घट्ट धरतं केसिनमुळेच. तेव्हा ताक, लोणी, पनीरही नको. ‘शेळीचं देऊन बघा’ असं कुणी सुचवेल, तेही नको. ही प्रथिनं एकमेकांसारखीच असतात. ओठ सुजले किंवा धाप लागली, तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा. लेखातलं वाक्य काढलंय.

मग आतड्यातल्या जिवाणूंचं काय? शिकागो विद्यापीठातल्या संशोधक कॅथरिन नॅग्लर यांच्या गटाने २०१९ साली जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत तान्ह्या बाळांच्या शीमधले जिवाणू सोडले. निरोगी बाळांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांना दुधाच्या प्रथिनाचा त्रास झाला नाही. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांचे मिळाले, त्यांना जोराची रिअ‍ॅक्शन आली. त्यातला बचाव करणारा एक जिवाणू ‘अ‍ॅनेरोस्टिपीस कॅकी’. हा प्राणवायूशिवाय जगणारा, आतड्यात ब्युटिरेट हे आतड्याला उपयोगी आम्ल तयार करणारा. आपल्या विरजणात तो सापडायचा नाही. आणि झालं तरी हे उंदरांत.

गोठ्याचं मात्र मी सोडत नाही. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांतल्या मुलांची तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली. वंश जवळचे, राहणी बरीच सारखी. पण आमिशांची जनावरं घराला लागून, हटराइटांची शेती यंत्रांची आणि घरापासून लांब. दम्याचं प्रमाण आमिश मुलांत सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत २१. आमिशांच्या घरातल्या धुळीने उंदरांना दम्यासारख्या त्रासापासून वाचवलं, म्हणजे या फरकात त्या धुळीचा वाटा असावा. पण ५ म्हणजे शून्य नव्हे, ताई. गोठ्याजवळ वाढूनही दमा झालेली ती मुलं होतीच.

आणि शहर म्हणाल, तर सांगलीत आमच्या गल्लीत अजून म्हैस बांधतात. तिच्याच शेजारी मी वाढलो, तरी गाजरगवत फुललं की सकाळी शिंकून शिंकून डोळे लाल.

सासूबाईंना मात्र बोल लावू नका. त्यांनी वाचलं ते मी लिहिलेलं होतं.