अर्ध्या सफरचंदाचा खून

पंपावर पाणी पिणाऱ्या माणसाच्या पाठीत गोळी घालून नक्की काय मिळतं, हे मला एकदा कोणीतरी समजावून सांगा. शांतपणे सांगा, कारण मी शांत नाहीये.

डे-झी, म्हणजे झोंबींच्या जगात जगून राहायचा ऑनलाइन खेळ. चेर्नारस हा त्याचा नकाशा, त्यातलं किनाऱ्याजवळचं एक गाव. नुकताच उगवलेला, म्हणजे खेळात नव्याने जन्मलेला गडी. एकूण इस्टेट: अर्धं खाल्लेलं सफरचंद, एक केमलाइट (चमकणारी कांडी), दोन चिंध्या आणि दगडाची सुरी. पंपापाशी पोचेपर्यंत तहानेचं चिन्ह लाल झालेलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज, "फ्रेंडली? फ्रेंडली?" बघतो तर समोर प्लेट कॅरियर (चिलखती जाकीट), बॅलिस्टिक हेल्मेट, हातात व्हीएसडी, म्हणजे स्नायपर रायफल. गड्याने हात वर केले, सुरी जमिनीवर टाकली. त्यावर त्या सद्गृहस्थाने काय करावं? बीन्सचा डबा काढला, जमिनीवर ठेवला, दोन पावलं मागे सरकला आणि हात हलवला. इतकं सौजन्य! गड्याने डबा शर्टाच्या खिशात टाकला, माइकवर थँक्यू म्हटलं, पंपाशी वाकला. चार घोट झाले. पाचव्याला काळा पडदा.

इथपर्यंत ठीक आहे. हे रोजचंच आहे, यावर कोणी लिहीत बसत नाही. पण प्रेत तासभर पडून राहतं, म्हणून तो गडी दुसरीकडे उगवून, धापा टाकत परत त्याच पंपाशी गेला. आणि तिथे काय? सगळं जागच्या जागी. सफरचंद आहे, रुइन्ड, म्हणजे पार निकामी. चिंध्या आहेत, रुइन्ड. तो बीन्सचा डबासुद्धा आहे, तोही रुइन्ड, कारण गोळी कपड्यातून जाते तेव्हा खिशातल्या मालालाही घेऊन जाते. शाबूत राहिली ती फक्त सुरी, कारण ती जमिनीवर होती. म्हणजे याने स्वतःच दिलेला डबा स्वतःच्याच गोळीने फोडला आणि काही न उचलता चालता झाला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा एक वेळ परवडला हो! त्याला निदान लोणी तरी हवं असतं.

सफरचंद कोणाचं होतं ते विचारू नका.

लुटारूंवर माझा राग नाही. खरंच नाही. एनडब्ल्यूएएफवर (वायव्येच्या विमानतळावर), टिसीच्या लष्करी छावणीत, रायफल खांद्यावर टाकून फिरणाऱ्याला कोणी टिपलं तर ते व्यवहाराला धरून आहे. त्याच्याकडे माल आहे, तुमच्याकडे नाही, आणि तो तुम्हाला आधी बघेल तर तोही हेच करेल. पण फ्रेशीला, म्हणजे नुकत्याच उगवलेल्याला, मारणं हा शुद्ध घाट्याचा धंदा आहे. 7.62 बाय 54ची एक गोळी गेली. आवाज आसपासच्या सगळ्या गावांनी ऐकला. गल्लीतले झोंबी धावत आले, त्यांना आवरायला आणखी गोळ्या. मिळकत शून्य. उलट तो मेलेला गडी थोड्या वेळात फुकट, ताजातवाना होऊन किनाऱ्यावर परत उगवतो, आणि आता तू कुठे आहेस हे त्याला पक्कं ठाऊक असतं. कंपास लागत नाही, नकाशा लागत नाही. खुन्नस पुरते.

आणि ज्यांना फक्त ठो-ठो करायचंय त्यांच्यासाठी स्वतंत्र घर बांधून झालंय की! ब्रेंडन ग्रीनने 2013 मध्ये डे-झीच्या जुन्या मॉडमधून (मॉड म्हणजे दुसऱ्या खेळात बदल करून बनवलेला खेळ, डे-झी आधी तसाच होता) बॅटल रॉयल काढलं, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकला, पुढे 2017 मध्ये पबजी आलं. शंभर माणसं, सगळ्यांना बंदूक, सगळ्यांना माहीत की सगळे मारायलाच आलेत. तहान नाही, भूक नाही, ओले मोजे नाहीत. तिकडे जा ना! पण नाही. तिकडे समोरचाही गोळी घालतो. यांना वाकून पाणी पिणारा हवा असतो.

जुन्या मॉडमध्ये ह्युमॅनिटी नावाचा आकडा होता. 2500 पासून सुरुवात, निरपराध माणूस मारला की उतरायचा, दुसऱ्याला रक्त चढवलं की चढायचा. पाच हजारांवर गेलात तर हिरोचा पोशाख, उणे दोन हजारांच्या खाली गेलात तर बँडिटचा, म्हणजे लुटारूचा. लांबून बघून कळायचं, समोर कोण येतंय. आपसांत रक्त चढवून आकडा फुगवणारे तेव्हाही होते, ते सोडा. पण माणुसकी मोजली जायची, निदान लाज तरी होती. आता सगळ्यांचे चेहरे सारखेच सज्जन.

"फ्रेंडली" हा शब्द तर खेळातून हद्दपार करा. जो खरंच मित्र असतो तो भिंतीआडून बोलतो, स्वतः कुठे आहे ते सांगत नाही आणि तुमच्या अंगावर येत नाही. जो "फ्रेंडली फ्रेंडली" करत थेट चालत येतो, त्याच्या पाठीला कुऱ्हाड असते. अनोळखी माणसाशी बोलायचंच असेल तर मध्ये काहीतरी ठोस हवं: घराची भिंत, दगड, ट्रकचा सांगाडा. लाकडी कुंपण ठोस नाही, त्यातून गोळी येते. वीसेक मीटर अंतर ठेवा. आणि पाठ फिरवायची नाही. नाही म्हणजे नाही. पाणी प्यायला तर नाहीच नाही. (हे लिहिताना दात खाल्ले जातायत.)

पंपाचं सांगतो, कारण त्या गड्याने जे जे करू नये ते सगळं केलं. पंप नेहमी उघड्यावर असतो आणि तिथे माणूस येणारच हे शिकाऱ्याला माहीत असतं. म्हणून आधी लांब झुडपात दोन मिनिटं नुसतं बसायचं. गावातली दारं बघायची: मुळात ती बंद असतात, उघडं दार म्हणजे कोणीतरी आत जाऊन आलं किंवा अजून आत आहे. झोंबी मरून पडलेले दिसले तर पाहुणा ताजा आहे. झोंबी उभे आहेत पण सगळे एकाच दिशेला धावतायत, तर पाहुणा तिकडेच आहे. सगळं शांत दिसलं की पंपाशी जायचं, बाटली भरायची, आणि भिंतीमागे जाऊन प्यायचं. ओंजळीने पीत बसायचं नाही. वाकलेला माणूस बघत काही नाही आणि हलत तर मुळीच नाही. हात रक्ताने माखलेले असतील तर आधी धुवा, नाहीतर गोळी चुकवून पोटाच्या आजाराने मराल. ते मरण जास्त अपमानाचं असतं. बाटली नसेल तर तहान काढा पुढच्या गावापर्यंत. पण तळ्या-ओढ्याचं पाणी न उकळता प्यायलात तर कॉलरा आहेच.

किनाऱ्यावर रेंगाळू नका हे तर पाठ असेलच. चेर्नो, इलेक्ट्रो, बेरेझिनो, ही किनाऱ्यावरची शहरं. तिथे लूट आहे म्हणून लोक जातात, आणि लोक जातात म्हणून शिकारी जातात. इलेक्ट्रोमागच्या टेकड्या स्नायपरांनी मॉडच्या काळापासून बसून बसून गुळगुळीत केल्यात. सुरी आणि चिंध्या झाल्या की पहिल्या दहा मिनिटांत किनारा सोडायचा, रस्त्याने नाही, झाडीतून, आणि डोंगराच्या धारेवरून तर कधीच नाही, आभाळावर कोरल्यासारखे दिसता.

तरी गोळी येतेच. ती आली की नव्वद टक्के लोक काय करतात? थांबतात आणि वळून बघतात. अरे, बघून काय करणार आहेस, ओळख काढणार आहेस? आधी वाकडंतिकडं धावत पहिल्या ठोस आडोशाला, तिथेही न थांबता नजरेआड होईल अशा दुसऱ्या आडोशाला, आणि मगच पट्टी. जखमा एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकीला वेगळी पट्टी लागते, म्हणून चिंध्या हॉटबारवर, म्हणजे एका बटणाच्या अंतरावर, बॅगेच्या तळाशी नाही. मारणारा कुठे आहे हे कान सांगतात. आधी कानाजवळ चटका बसल्यासारखा कडाका, तो गोळीचा. मग लांबून धप्प, तो बंदुकीचा. दोन्हींत अर्ध्या सेकंदाचं अंतर असेल तर गडी साधारण तीनशे मीटरवर आहे; पाऊण सेकंदाच्या पुढे गेलं तर पाचशे-सहाशेवर. धप्पची दिशा खरी, कडाक्याची फसवी. कडाक्याकडे तोंड करून लपणारे थेट नळीसमोर लपतात.

आणि हे सगळं करायला दम लागतो. दम म्हणजे स्टॅमिनाची पट्टी, आणि ती वजनाने खाल्ली जाते. दोन रायफली, चार डबे खिळे, बारा डबे पीचेस घेऊन फिरणारा माणूस पन्नास पावलांत चालायला लागतो. चालणाऱ्याला टिपायला स्नायपर लागत नाही, धीर लागतो. मालाचा मोह आवरत नसेल तर पुरा तो. फावडं घ्या, पेटी घ्या, रस्त्यापासून आणि नकाशावरच्या ठळक खुणांपासून लांब पुरा. "एकट्या मोठ्या झाडाखाली" पुरणाऱ्यांना काय सांगणार, सगळ्यांना तेच झाड दिसतं. पेटीत बंदूक, वीसएक गोळ्या, सुरी, काड्यापेटी, दोन-तीन डबे. इतकं असलं की मरण म्हणजे तासाभराचा वैताग होतो, आठवड्याचा शोक नाही.

आता आलोच आहे तर बाकीचेही हिशेब. लढाईत हरायला लागला की लॉगआउट करणारे! पंधरा सेकंदांचा टायमर आहे, तेवढ्यात त्याच्यापर्यंत पोचलात तर न्याय, नाहीतर शेतात एकटे उभे. मग त्याच माणसाने दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन, तुमच्या मागच्या खोलीत चालत येऊन, परत लॉगइन करायचं, याला घोस्टिंग म्हणतात. मी जे म्हणतो ते इथे लिहिता येत नाही. थर्ड पर्सनवाले, म्हणजे कॅमेरा गड्याच्या पाठीमागे ठेवून खेळणारे, भिंतीआड बसून कॅमेऱ्याने भिंतीपलीकडे बघत राहतात, स्वतः एक केससुद्धा बाहेर न काढता. त्यावर इलाज एकच, फर्स्ट पर्सनचा सर्व्हर, जिथे गड्याच्या डोळ्यांनीच दिसतं. तिथे बघायचं तर डोकं काढावंच लागतं, आणि डोकं काढलं की बरोबरी होते. आणि तळ फोडून आत शिरणारे, सगळं नासवून, काहीच न नेणारे. परत तेच! काहीच न नेणारे! न्या रे बाबांनो, काहीतरी न्या, माझ्या खिळ्यांचं चीज होऊ द्या.

एक कबुली. झुडपात काही हललं की माझं बोट आधी ट्रिगरवर जातं आणि तोंड नंतर उघडतं. डोक्यावर नावं दिसत नाहीत, आणि धुक्यात सगळे सारखेच. स्वतःच्या टीमच्या माणसांना ठोकण्यात आमच्या गटात माझा हात कोणी धरत नाही. आता सगळे निळ्या दंडपट्ट्या बांधतात. शत्रूपासून वाचायला नाही, माझ्यापासून. तेव्हा "माणूस बघून मग गोळी घाला" हे माझ्या तोंडी कितपत शोभतं, मला माहीत आहे. पण टीममेटला ठोकल्यावर मी निदान त्याचे बीन्स खाल्ले होते.

डोकं शांत ठेवायचं असेल तर मार्ग आहेत, झोंबींचे दुसरे खेळ आहेत. प्रोजेक्ट झोंबॉइडच्या सर्व्हरवर पीव्हीपी, म्हणजे खेळाडूने खेळाडूला मारणं, सरळ बंद करता येतं, चालू ठेवलं तरी सेफ्टी सिस्टीम असते. कवटीचं चिन्ह चालू केल्याशिवाय कोणी कोणाला मारू शकत नाही आणि ते चालू करायलाही थोडा वेळ जातो. 7 डेज टू डायमध्ये चार पर्याय आहेत: कोणीच कोणाला नाही, फक्त मित्रांना, फक्त अनोळखींना, नाहीतर सगळ्यांना. फक्त मित्रांना मारता येईल हा पर्याय कोणी आणि का केला ते कळत नाही, पण आमच्या गटाला चपखल बसतो. मेल्यावर काय सांडायचं हेही ठरवता येतं: काही नाही, सगळं, फक्त टूलबेल्ट, फक्त बॅग. डे-झीतही नियमवाले, पीव्हीई (फक्त झोंबींशी लढायचे) सर्व्हर लोक चालवतात. तिथे कोणी पाठीत गोळी घालत नाही, आणि तिसऱ्या दिवशी आपल्यालाच कंटाळा येतो. झोंबी काय, दार बंद केलं की संपला. मग रात्री अकरा वाजता आपण परत त्याच साठ माणसांच्या सर्व्हरवर, त्याच किनाऱ्यावर, हातात अर्धं सफरचंद.

तेव्हा पंपाजवळ कोणी बीन्सचा डबा पुढे केला तर डबा घ्या, भिंतीमागे जा आणि थँक्यू तिथून म्हणा. डबा लगेच उघडून खा, खिशात ठेवू नका. आणि प्लेट कॅरियरवाल्या साहेबांना निरोप: सुरी अजून माझ्याकडे आहे.