पणजोबांची थकबाकी

आमचं घराणं कर्जबुडवं आहे, ही बातमी मला गेल्या मंगळवारी एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षाबाहेर कळली. खरं तर माझ्याआधी ती बाकावरच्या पंधराएक अनोळखी लोकांना कळली. कागद मोडीत होता आणि तो खड्या आवाजात वाचणारा माणूस माझा कोणीही नव्हता.

निमित्त अगदीच फालतू. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका चुलतभावाने टाकलं, की आपण मूळचे राजस्थानचे, पूर्वज कुठल्याशा राजाच्या पदरी तलवारबाज होते. खाली अंगठ्यांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस. माझी उभी हयात बँकेत गेली. व्हाउचर दिसल्याशिवाय मी कोणाचा राजासुद्धा पास करत नाही. म्हटलं, कागद बघू.

सुरुवात रामकुंडावर केली. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात, गावावार, आडनावावार, पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या. आमच्या गावाचे गुरुजी कोणते, हे मला तिथल्या फुलवाल्या बाईनेच सांगितलं, तेही हार विकत न घेता. गुरुजींनी आडनाव ऐकलं, आत गेले, कापडात गुंडाळलेलं एक लांबोडकं बाड घेऊन आले आणि चहा निवायच्या आत माझ्यासमोर आजोबांच्या हातचा लेख ठेवला. ‘मातोश्रींच्या अस्थी घेऊन आलो,’ आणि खाली स्वतःची सही, बरोबर आलेल्या चुलत्यांची नावं, मुलाचं नाव. ना अर्ज, ना टोकन, ना आधार कार्डाची झेरॉक्स. ‘तुमचंही लिहून ठेवा, पुढच्यांना लागेल,’ असं म्हणून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. दक्षिणा मी खुशीने दिली. हे मुद्दाम सांगतोय, कारण यानंतर या लेखात पैसे फक्त दुःखात निघतात.

मग सार्वजनिक वाचनालय. आपलं सावाना १८४० सालचं, आणि लहानपणापासून त्या जिन्यावरून चढताना मला उगाचच आपण विद्वान असल्यासारखं वाटत आलंय. आधी नाशिकच्या गॅझेटियरचा सोळावा खंड वाचून काढला, १८८३ चा. त्यात सावकारी, गहाण, व्याज यांवर भरपूर मजकूर आहे. आमच्या गावावर ओळ नाही. मी ते शांतपणे सोसलं. सिन्नर तालुक्याच्या कोरडवाहू टोकाला असलेल्या गावाबद्दल कोणा गोऱ्या साहेबाने काय लिहावं? पण तलवारबाजांचा उल्लेख यायला हरकत नव्हती.

पुढची पायरी कचेरी. कोणती ते विचारू नका, अजून माझा अर्ज तिथेच आहे.

‘किती जुनं पाहिजे?’ भाऊसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

‘जितकं मिळेल तितकं.’

‘नाशिक जिल्हा झाला १८६९ ला. त्याच्या आधीचं असेल तर नगर. पेशवाईतलं पाहिजे तर पुणे, पुराभिलेखागार. त्याच्या मागचं पाहिजे असेल तर…’ इथे त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, ‘…मग जाऊ द्या ना.’

गर्दी म्हणाल तर लग्नाच्या हॉलएवढी. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हापासून अभिलेख कक्षांना असे दिवस आलेत. ज्याला पणजोबाचं नाव आठवत नव्हतं तो आता ‘कडई पत्रक’, ‘कोतवाल बुक’, ‘गाव नमुना चौदा’ असे शब्द सराईतपणे फेकतो. जातीच्या दाखल्यासाठी ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. या तारखा बाकावर स्वतःच्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ होत्या. ‘मला नुसतंच कुतूहल आहे,’ असं मी शेजारच्या बाईंना सांगितलं, तर त्या जरा सरकून बसल्या.

दुपारी एका फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याच्या नोंदीची, झेरॉक्स हातात पडली. १९१७ सालची, मोडीत. ‘वाचून कोण देणार?’ म्हणालो. ‘बाहेर बघा कोणी आहे का,’ भाऊसाहेब म्हणाले. बाहेर तात्या होते.

पांढरी टोपी, पांढरा सदरा, धोतर आणि पायात नातवाचे असावेत असे पोपटी बूट. काखेत कापडी पिशवी. त्यांनी माझ्या हातातला कागद मागितला नाही, घेतला.

‘गाव?’

सांगितलं.

‘मारुतीमागचे का विहिरीकडचे?’

माझा जन्म नाशकातला. गावी मी फक्त जत्रेला आणि दहाव्यांना गेलेलो. ‘मारुतीमागचे,’ असं ठोकून दिलं.

‘मग बरोबर,’ तात्या म्हणाले. काय बरोबर, ते सांगितलं नाही. चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाला टेकवला आणि कीर्तनकाराच्या पट्टीत सुरू केलं, ‘सदर इसमाने आपले मालकीचे जमिनीवर रुपये पंचाहत्तर, अक्षरी पंचाहत्तर, घेऊन नजरगहाण लिहून दिले असे…’ इथे ते थांबले. टोपी काढली. पुन्हा घातली. ‘देणारा कोण माहितीये का? आमचा पणजा!’

बाकावर एकदम जान आली.

‘मग फिटलं का?’ एका तरुणाने विचारलं.

‘ते यात नाही,’ तात्या म्हणाले. ‘यात फक्त घेतलं.’

‘अहो, जमीन अजून आमच्याच चुलत्यांकडे आहे,’ मी म्हणालो. ‘म्हणजे फिटलंच असणार.’

‘किंवा दाबलं असणार,’ तात्यांनी अगदी मायेने सांगितलं. ‘मी तुम्हाला नाही म्हणत. तुम्ही तर तेव्हा नव्हता.’

‘व्याज काय होतं?’ सरकून बसलेल्या बाई आता परत जवळ आल्या होत्या.

‘तेव्हा दोन टक्के म्हैना चालायचं. धरा दोन.’

तरुणाने मोबाइल काढला. चक्रवाढीने, दरमहा दोन टक्के, १९१७ पासून. आधी आकडा स्क्रीनवर मावेना, मग फोन आडवा धरल्यावर मावला. दहा लाख कोटींच्या वर. महाराष्ट्राचा वर्षाचा अर्थसंकल्प त्यात बसून वर उरतो. बाकावर एक आदरयुक्त शांतता पसरली. इतका मोठा थकबाकीदार त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. माझ्या बँकेने पाहिले होते, पण ते बाकावर बसत नाहीत, परदेशात बसतात.

आता इथे माझ्यातला बँकवाला उसळला. म्हटलं, ‘तात्या, दामदुपट नावाचा नियम आहे. हिंदू कायद्यातला. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. पंचाहत्तर मुद्दल, पंचाहत्तर व्याज. दीडशेच्या वर एक पैसा नाही.’ आणि मुदतीचा कायदा आहे, तो तर कधीच उलटून गेलाय, हेही सांगणार होतो. पण तात्या ज्या समाधानाने ‘दीडशे’ म्हणाले, त्याने मी गप्प झालो.

जाता जाता सांगतो, १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले होते. शाळेत ‘दख्खनचे दंगे’ म्हणून आम्हाला पाच मार्कांना होतं. पुढे १८७९ ला त्यावर सरकारने शेतकऱ्यांच्या बाजूने कायदाही केला. इतक्या वर्षांनी मला त्या प्रश्नाचं उत्तर उमगलं. त्या लोकांना फक्त कर्जातून सुटायचं नव्हतं, त्यांना पणतवंडांची लाज राखायची होती. आमच्याकडे ही दूरदृष्टी नव्हती.

‘द्या मग,’ तात्या म्हणाले. थट्टेतच, पण हात पुढे होता. बाकाने हसून टाळ्या दिल्या. मीही पाकीट काढलं, एक शंभराची आणि एक पन्नासाची नोट काढून नाटकीपणाने त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, घ्या, घराण्याचं नाक वाचवतो.

नेमके त्याच क्षणी भाऊसाहेब दारात.

‘ओ! इथे पैशाचं काही चालायचं नाही! वर कॅमेरा आहे!’

तात्यांचे दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात गेले. ‘मी काही मागितलं नाही बरं का,’ ते म्हणाले. ज्या बाकाने आताच टाळ्या दिल्या होत्या त्यातला एकही माणूस तोंड उघडेना. मी सांगू लागलो, की हे लाचेचे नाहीत, १९१७ सालच्या कर्जाचे आहेत. हे वाक्य मनात ठीक वाटलं होतं. मोठ्याने म्हटल्यावर शिपायानेच माझा दंड धरला आणि ‘काका, तुम्ही जरा खाली थांबा’ म्हणून जिन्यापर्यंत पोचवून दिलं. नोकरीभर मी दिवाळीत कर्जदारांकडून आलेले सुक्यामेव्याचे डबेसुद्धा परत पाठवले. आणि साठी उलटल्यावर, दीडशे रुपयांत, लाच देणारा.

अजूनही आठवलं की कानशिलं तापतात. हसू येतं ते नंतर.

खालून अर्ज लिहून वर पाठवला: गहाणाचा बोजा कमी केल्याचा फेरफार मिळावा. उत्तर आलं, पान जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही. जीर्ण! त्या कक्षाच्या जाळीतून मला रुमालात बांधलेले गठ्ठे दिसत होते. सुतळी इतकी करकचून आवळलेली, की प्रत्येक गठ्ठ्याला कंबर आली होती. वर गळक्या छताचा पिवळा नकाशा. कागद आपोआप जीर्ण होत नाही हो, त्याला जीर्ण करावं लागतं, आणि ते काम इथे नेमाने होतं. संगणकावरची प्रत तरी दाखवा म्हणालो, तर शिपायाने उपकार म्हणून फोटो आणून दाखवला. पान स्कॅन झालेलं होतं. जिथे ‘बोजा’ लिहिलंय त्याच्या पुढच्या दोन ओळींवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. मी पणजोबांचा अंगठा शोधायला गेलो होतो, मिळाला कंत्राटदाराच्या पोराचा.

पायरीवर बसलो होतो तर तात्या पोपटी बूट वाजवत खाली आले. शेजारी बसले. तंबाखू मळता मळता म्हणाले, ‘तेच पान मलाबी पाहिजे.’ त्यांच्या पणज्याच्या नावापुढे त्या पानावर जात लिहिलेली आहे, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. नातीच्या दाखल्याला लागते. पण ते खातेदार नाहीत म्हणून अर्ज घेत नव्हते. ‘तुम्ही खातेदाराचे वारस. तुमचा हक्क बनतो. तुम्ही लावून धरा, मी पंचाहत्तर सोडले.’

‘दीडशे,’ मी म्हणालो.

‘दीडशे सोडले,’ तात्या म्हणाले. एवढी मोठी कर्जमाफी आमच्या घराण्याला सरकारनेही दिली नव्हती.

तर आता लावून धरलंय. त्यासाठी मी त्या पणजोबांचा पणतू आहे, याची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यायची आहे. चुलतभावाला फोन केला. तलवारबाजांवर पानभर लिहिणारा माणूस ‘उतारे’ शब्द ऐकताच सावध झाला. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून आमच्याकडे इतिहासात रस घेणाऱ्याकडे लोक असेच बघतात. ‘जमिनीचं काही आहे का?’ त्याने विचारलं. नाही म्हटलं. ‘मग कशाला काढतोय?’

शिवाय एक अडचण अशी, की पणजीचं नाव कुठेच नाही. पणजोबा १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले. त्यानंतरच्या वारसाच्या फेरफारात आजोबांचं नाव आहे, ‘अज्ञान’, म्हणजे वयात न आलेले, आणि पुढे ‘अ.पा.क. आई’. अज्ञान पालनकर्ता, आई. बस. नवरा गेलेला, पदरात पोर, डोक्यावर ते पंचाहत्तर रुपये, आणि जे काही फिटलं असेल ते त्याच बाईने फेडलं असणार. तिला तीन अक्षरं आणि तीन टिंबं. रामकुंडावरचा तो लेख परत आठवून पाहिला. तिथेही ‘मातोश्री’.

साठच्या दशकातला आजोबांच्या वारसांचा फेरफार मात्र सुवाच्य, बाळबोध, एकही डाग नाही. त्यात वडिलांच्या तिन्ही बहिणी नावानिशी हजर आहेत. आमच्या कागदांत मुली पहिल्यांदा दिसतात त्या इथे, आणि शेवटच्याही इथेच: ‘राजीखुशीने हक्क सोडला.’ हे पान काही जीर्ण झालेलं नाही.

धाकट्या आत्या तेवढ्या आहेत, सातपूरला मुलाकडे. त्यांना फोन करून विचारलं, की तुमच्या आजीचं नाव काय होतं?

‘आम्ही मोठीआई म्हणायचो,’ त्या म्हणाल्या. ‘का रे?’

म्हटलं, कागदाला लागतंय.

‘परत सही पाहिजे का माझी?’ आत्या म्हणाल्या. ‘पाहिजे असेल तर रविवारी ये. आणि या वेळी रिकाम्या हाताने येऊ नको. मागच्या वेळी तुझ्या बापाने साडी देतो म्हणून सांगितलं होतं.’