पुढून चार इंच उचलली म्हणजे पिकअप डोंगर चढत नाही

‘व्ही-क्रॉसला पुढे चार इंचांचा स्पेसर टाका, ग्राउंड क्लिअरन्स चार इंच वाढतो. शॉकअप बदलायला नको, अलाइनमेंट नको, आरटीओ काही विचारत नाही. बजेट असेल तर पुढे जुन्या जीपचा सॉलिड अ‍ॅक्सल बसवा, मग गाडी कुठेच अडकत नाही.’ हा मजकूर ऑफरोडिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. व्ही-क्रॉस म्हणजे इसुझूची पिकअप, आणि स्पेसर म्हणजे गाडी उचलायला शॉकअपच्या डोक्यावर ठेवायची चकती. माझ्या भाच्याने तो वाचला आणि गॅरेजवाल्याला आगाऊ पैसे देऊन मोकळा झाला, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी क्लिअरन्स. व्ही-क्रॉसला मागे पाट्यांवरचा सॉलिड अ‍ॅक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर. त्याच्या मधला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा, गोळा दगडाला पहिला भिडतो. वरची बॉडी कितीही उचला, हा गोळा जागचा हलत नाही. तो वर जातो फक्त उंच टायरने, तोही टायरची उंची जितकी वाढली त्याच्या निम्म्याने. गाडीच्या पुढच्या बाजूचं मान्य करतो: तिथे डिफरन्शियल चासीला धरलेला असल्याने तो वर जातो, बंपरही चढाला कमी घासतो. पण गाडी अडकते ती बहुतेक वेळा मागच्या गोळ्यावर.

आता स्पेसर. लिहिणाऱ्याने तो कधी हातात तरी धरलाय का? पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर वेगळं धरलेलं. शॉकअप खालच्या आर्मवर चाकापासून बराच आत बसतो, त्यामुळे त्याच्या डोक्यावर ठेवलेली चकती गाडी स्वतःच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट उचलते. चार इंचांची चकती टाकली तर गाडी सहा-आठ इंच वर जायला हवी. ती नीट बसणारसुद्धा नाही!

समजा, चकती पातळ घेऊन चार इंच उंची साधली. शॉकअप पूर्ण लांबला की चाक खाली जायचं थांबतं, आणि ती मर्यादा धरूनच कंपनीने वरचा आर्म, बॉल जॉइंट, ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी त्याला ताकद पोचवणारा सांधा) आणि ब्रेकची रबरी नळी ठरवलेली असते. चकतीमुळे चाक त्या मर्यादेच्याही खाली लोंबतं. चाकाचा एकूण प्रवास मात्र तेवढाच राहतो, कारण शॉकअप तोच आहे. ताम्हिणीच्या बाजूला अशी एक पिकअप जवळून पाहिली. डाव्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा गोल पट्टा उडालेला, सीव्हीवरचा रबरी बूट घडीवर फाटलेला, आत लाल चिखल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कट-कट आवाज. बूट स्वस्त असतो, जॉइंट नाही. त्याहून मला भीती ब्रेकच्या नळीची वाटते. उतारावर एक चाक खड्ड्यात लोंबलं, नळी ताणून तुटली, तर पुढे काय होईल ते भाच्याच्या आईला कोण सांगणार?

सॉलिड अ‍ॅक्सल खडकावर चांगला, हे खरं आहे. एक चाक वर दाबलं की दुसरं खाली दाबलं जातं, म्हणून जिप्सी आणि जिम्नी तिथे सहज चालतात. पण भंगारातला अ‍ॅक्सल कुठल्याही पिकअपला? पुढचा आणि मागचा गिअर रेशो जुळला नाही तर फोर-व्हील लावताच दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर, येतो. चिखलात चाक घसरून निभावतं. खडकावर काहीतरी तुटतं. शिवाय स्टिअरिंगची रॅक काढून बॉक्स बसवायचा, एबीएसचे सेन्सर जुळवायचे, आणि सुमारे दोन टनांची गाडी हलक्या जीपच्या अ‍ॅक्सलवर ठेवायची.

‘अलाइनमेंट नको’ यावर काय बोलायचं! उंची वाढली की कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि हायवेला गाडी सरळ धरत नाही. टायरची एक कड खाल्ली जाते.

राहिला आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदलांना मनाई करतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेलं कलम 182अ तर थेट मालकाला धरतं: बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दंड गॅरेजवाला भरत नाही. आणि अपघातानंतर न कळवलेला बदल नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेयरला दिसला तर विमा कंपनीला क्लेम अडवायला कारण मिळतं.

भाच्याला सांगितलंय, आगाऊ पैसे परत माग. नाहीच मिळाले तर त्या पैशांत पुढची स्किड प्लेट (खालून दगड लागू नये म्हणूनचा पत्रा) लावून घे, चांगले ऑल-टेरेन टायर कंपनीच्याच मापात बसव आणि चिखलात शिरण्याआधी हवा 18-20 पीएसआयवर आण. डांबरी रस्त्याला लागलास की पुन्हा भर. तरीही गाडी उचलायचीच असेल तर शॉकअप, स्प्रिंग आणि वरचे आर्म एकमेकांसाठी बनवलेला संच घे, 40 ते 50 मिलिमीटरच्या पुढे जाऊ नकोस, आणि खर्च करण्याआधी आरटीओत जाऊन विचार.